शांतवन काकांचा माईक

एका माणसाचा आवाज मी बंद करून ठेवला होता. एक-दोन रविवार नाही, काही वर्षं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. प्रार्थनेत डोळे मिटून बसल्यावर हा विषय मनात आला, की मी घाईघाईने आजारी माणसांसाठी प्रार्थना करायला लागतो. देवाला काय, ठाऊकच असणार. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपण तोंडाने सांगणं वेगळं — नाही का?

आणि आवाज बंद केला, हा त्यातला सोपा भाग आहे. तो आधी सांगतो, कारण तो सांगताना थोडं हसू येतं. तुम्हीही हसून घ्या. आम्ही पुष्कळ हसलो होतो.

आमचं चर्च जुनं, दगडी, मराठी. आमच्यातली म्हातारी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. स्वारगेटहून रिक्षाने फार लांब नाही. उपासनेला पेटी आणि तबला असायचा, गीतं रागदारीच्या वळणाची, आणि दर वर्षी बाकांवरची डोकी थोडी अधिक पांढरी. तरुण मंडळी एकेक करून मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये जायला लागली — तिथे गिटार असते, दिवे असतात, कॉफी असते. नवे पाळकसाहेब आले आणि कमिटीने ठरवलं, आपणही बँड करायचा. साधा नाही. रॉक.

ड्रमसेट आला. त्याला जागा मिळाली ती बाप्तिस्म्याच्या दगडी पात्राशेजारी. पहिल्या रविवारी पहिला ठोका पडला आणि छतातली कबुतरं एकदम उठली, ती गीत संपेपर्यंत टेकली नाहीत. भिंतीवर कुणा गोऱ्या साहेबाच्या स्मरणार्थ पितळी पाटी आहे. बेस गिटारच्या एका ठरावीक सुराला ती अशी थरथरायची, जणू साहेब आतून तक्रार करतोय. प्रभुभोजनाचे काचेचे इवले पेले ट्रेमध्ये किणकिणायचे. पुढच्या बाकावरच्या आजी पर्समधून कापूस काढायच्या आणि बडीशेप फिरवावी तसा बाकावरून फिरवायच्या. एकीने गिटारवाल्याची फाटकी जीन्स बघून त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बाळ, घरी शिवायला कुणी नाही का? आणून दे मला." नाताळात धुराचं मशीन लावलं, तर वॉचमन बादली घेऊन वेदीपर्यंत धावत आला. आणि गीत कुठलं चाललेलं असायचं? शांतीचं. देवा, मनाला शांती दे, एवढंच मागणं — आणि ते अशा आवाजात, की देवाला ती द्यायची तर आधी कानांवरचे हात काढावे लागले असते.

मी या बँडचा साउंडवाला. एरवी मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, गाड्या कुठे अडकल्यात ते फोनवर विचारत. पण रविवारी शेवटच्या बाकामागे मिक्सर लावून बसलो, की मी कुणीतरी असायचो. कुणाचा आवाज किती यायचा, ते माझ्या बोटावर.

आता शांतवन काका.

बँड यायच्या आधी गायकमंडळ त्यांच्या हातात होतं. पेटी तेच वाजवायचे. विशीत मी एकदा उसनी गिटार घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो होतो — उपासनेत वाजवू द्या म्हणून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "छान. पुढच्या महिन्यात आमच्या भाच्याची वरात आहे. मोकळा आहेस का?" मंडळी हसली. हसणाऱ्यांत एक मुलगी होती, जिच्यासाठी मी ती गिटार उसनी घेतली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. काका त्या संध्याकाळीच ते विसरले असतील. मी विसरलो नव्हतो, एवढंच.

गायकमंडळ मोडलं तेव्हा काकांनी सत्तरी ओलांडली होती. वाटलं, घरी बसतील. पण ते एका शनिवारी बँडच्या सरावाला आले, इस्त्रीची पँट, टाय, काखेत गीतांचं पुस्तक. म्हणाले, एक कोपरा द्या, मागे उभा राहून गाईन. पाळकसाहेबांना नाही म्हणवेना. काकांना माईक मिळाला.

काय ते दृश्य! इकडे फाटकी जीन्स, तिकडे टाय. मधे काका, डोळे मिटलेले, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ताल. ओळीच्या शेवटी ते मुरकी घ्यायचे. बँड पुढच्या ओळीवर पोचलेला असायचा आणि काका अजून मागची ओळ सावकाश, व्यवस्थित संपवत असायचे. ड्रमवाला वैतागला. गिटारवाला म्हणाला, "अनिल अंकल, काहीतरी करा ना. एक तर ते, नाहीतर आम्ही." कमिटीत विषय निघाला. सगळ्यांचं एकमत — काकांना सांगायला हवं. आणि सांगणार कुणी नाही. ज्येष्ठ आहेत, दुखावतील.

उपाय मी काढला.

गाणाऱ्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, त्याला त्याचा स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. मिक्सरवर प्रत्येक माईकला दोन वाटा असतात. एक वाट त्या पायाशी असलेल्या स्पीकरकडे. दुसरी बाहेर — लोकांकडे, आणि घरी मोबाईलवर उपासना बघणाऱ्यांकडे. मी काकांची दुसरी वाट बंद केली. काकांना काका ऐकू येत राहिले. बाकी कुणालाही नाही. ड्रमच्या गदारोळात कुणाला कळणार?

उपासना संपल्यावर ते घाम पुसत माझ्याकडे आले. "कसं आलं रे आज?"

"एकदम मस्त, काका."

कमिटीतल्या एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. किती प्रेमाने सोडवलंस, म्हणाला. प्रेमाने! चर्चमध्ये आम्ही कशाकशाला प्रेम म्हणतो, याची यादी कुणी करू नये.

इथवर हसलात ना? ठीक आहे. आता हळूहळू हसू थांबेल.

मिक्सरला हेडफोन लावला, की एकेका माईकचा आवाज सुटा ऐकता येतो. बाहेर बंद असला तरी. पहिल्यांदा मी तो सहज लावला. नंतर सवय लागली. बँडमधल्या पोरांना, कमिटीतल्या एक-दोघांना मी खुणेने बोलवायचो — या, ऐका. ते हेडफोन लावायचे, आणि रॉकच्या मधोमध एकट्याच चाललेल्या काकांची मुरकी ऐकून तोंडावर रुमाल धरून हसायचे. उपदेश सुरू असतानाही आम्हाला हसू फुटायचं. मी ते तुकडे रेकॉर्ड करून बँडच्या ग्रुपवर टाकायला लागलो. दर रविवारी दुपारी पोरं वाट बघायची. आजचा काका पाठवा ना, अंकल. मी पाठवायचो. पन्नाशीच्या माणसाने हे करावं का — असं तेव्हा मी मला एकदाही विचारलं नाही.

काकांची बायको मार्था काकू. तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्येच तिचा पलंग होता. मूलबाळ नाही. दोघांची ओळख गायकमंडळातच झालेली, लग्नाआधीपासून ती काकांचं गाणं त्या दगडी भिंतींमध्ये ऐकत आली होती. आता रविवारी काका बसने चर्चला यायचे आणि ती औषधांच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर उपासना बघायची. सांभाळायला येणारी बाई तो लावून द्यायची.

मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

एका रविवारी काका जरा संकोचून म्हणाले, "अनिल, ही म्हणते माझा आवाज येत नाही. बाकी सगळं येतं म्हणे. ड्रम तर फारच येतो."

ती संधी होती. एक बटण दाबायचं होतं. मी म्हणालो, फोन जुना झालाय काका, स्पीकर गेला असेल.

त्यांनी तापकीर गल्लीत जाऊन नवा फोन आणला. तरी आवाज येईना. मी म्हणालो, नेटचा प्रॉब्लेम असेल. त्यांनी नेट बदललं. मी म्हणालो, वेगळा स्पीकर जोडा. त्यांनी तोही आणला आणि मला त्याचं खोकं दाखवायला चर्चमध्ये घेऊन आले — हाच ना? मी खोकं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणालो, हो, हा चांगला आहे. गिटारवाला पलीकडे उभा होता. त्याला हसू आवरेना, तो बाहेर निघून गेला.

मी त्यांना विचारलंही — घरी गाऊन दाखवत नाही का तिला? म्हणाले, "दाखवतो ना. पण खालचे लोक कुरकुरतात, मग हळू गावं लागतं. तिला तिथलं ऐकायचंय. देवळातलं."

मग त्यांनी मला घरी बोलावलं. तूच येऊन बघ, तुला त्यातलं कळतं. मी गेलो. का गेलो? नाही म्हटलं असतं तर संशय आला असता, म्हणून. बाकी काही नाही.

काकूने मला ओळखलं. डाव्या हाताने बस अशी खूण केली. काका चहा टाकायला आत गेले. मी फोन हातात घेऊन उगीच इकडेतिकडे बटणं दाबली, त्या सकाळची उपासना लावली. पडद्यावर काका होते — टाय, पुस्तक, मिटलेले डोळे, उघडलेलं तोंड. ड्रम होता, गिटार होती. काका नव्हते.

काकू पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द लावून बोलायची.

"अनिल, खरं सांग. हे गातात का रे?"

मी फोन बंद करून पुन्हा डब्याला टेकवला.

"मला वाटतं, आवाज गेलाय यांचा. मला वाईट वाटेल म्हणून नुसते उभे राहतात. ओठ हलवतात."

आतून कपबशा मांडल्याचा आवाज येत होता. मला काय काय सुचलं त्या वेळी, ते सांगतो. खरं सांगितलं तर ती काकांना सांगणार. काका पाळकसाहेबांकडे जाणार. मग कमिटी, मग ग्रुपवरचे ते तुकडे कुणीतरी बाहेर काढणार. एवढं सगळं मला सुचलं. समोरची बाई काय विचारतेय, ते तेवढं सुचलं नाही.

मी तिच्या पलंगाजवळ खुर्ची सरकवली. आवाज खाली आणला, अगदी आपलेपणाने. आणि म्हणालो:

"काकू, वय झालंय त्यांचं. तुम्ही विषय काढू नका. त्यांना बरं वाटतंय, वाटू द्या."

हे ते. इतके दिवस जे सांगितलं नाही, ते हे. आवाज बंद केला होता तो माईकचा. इथे मी त्या माणसाचाच बंद केला — त्याच्याच घरात, त्याचा चहा उकळत असताना. आणि अजून एक सांगतो, कारण अर्धं सांगण्यात अर्थ नाही. ते वाक्य बोलून झाल्यावर ते मला आवडलं. किती नेमकं जमलं, असं वाटलं.

काकूने मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली.

काका ट्रे घेऊन बाहेर आले. चहा, बिस्किटं, तिच्यासाठी पसरट बशी. तिने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत दया होती. ती मी येण्याआधी तिथे नव्हती.

पुढच्या रविवारी काका खुशीत होते. म्हणाले, "काय जादू करून गेलास? तक्रारच गेली तिची. आता म्हणते, छान गायलात हो आज." सोबत लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. काकूने पलंगावरून सांगितलं होतं आणि त्यांनी घातलं होतं. मी ती घेतली. आम्ही घरी ते लोणचं संपवलं. चांगलं झालं होतं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. काकू झोपेतच गेली. निरोप आला त्या दुपारी मी पहिली गोष्ट काय केली असेल? काकांचे रेकॉर्ड केलेले सगळे तुकडे पुसून टाकले. फोनमधले, चर्चच्या कॉम्प्युटरवरचे. पोरांनाही पुसायला लावले. मग आंघोळ करून पांढरा शर्ट घातला आणि दफनविधीला गेलो.

कबरीपाशी माईक नव्हता, मिक्सर नव्हता. पाळकसाहेब म्हणाले, काका, तिच्या आवडीचं एखादं कडवं. काकांनी डोळे मिटले, हात मांडीवर गेला, तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. एक ओळ, दुसरी ओळ — नुसते ओठ. बायका रडायला लागल्या. मी जमिनीकडे बघत राहिलो.

फाटकापाशी त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "शेवटी शेवटी मला म्हणायची, तुम्ही माझ्यासाठी फार करता हो. गाण्याचंच म्हणत असणार." मी म्हणालो, हो काका, गाण्याचंच.

ते पुन्हा माईकपाशी उभे राहिले नाहीत. शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागले — माझ्या मिक्सरसमोर, हाताच्या अंतरावर. जाताना जय ख्रिस्त म्हणायचे, येताना जय ख्रिस्त म्हणायचे. आपल्या माणसाजवळ बसावं तसे बसायचे. आणि मी बसू द्यायचो. काकू जाऊन दीड वर्ष होत आलं होतं.

गेल्या महिन्यात, उपासना सुरू व्हायच्या आधी, बँड वाद्यं लावत होता, तेव्हा ते मागे वळले. हेडफोनकडे बोट दाखवून म्हणाले, "यात काय येतं रे? लावून बघू?" मी दिला. एका बटणावर गिटार एकटी, दुसऱ्यावर गाणारी मुलगी एकटी. ते लहान मुलासारखे ऐकत राहिले. मग हेडफोन काढून त्यांनी तो नीट गुंडाळला.

"म्हणजे एकेकाचा आवाज सुटा ऐकता येतो इथे."

"हो, काका."

"मग माझाही ऐकला असशील."

"हो."

"कसा होता?"

बघा, काय विचारलं त्यांनी. जगात फक्त आम्हा काही जणांनाच ते उत्तर ठाऊक होतं, आणि बाकीचे हसण्यापुरतं ऐकून गेले होते. मी दर रविवारी ऐकला होता. हसणं संपल्यावरही हेडफोन काढत नसे. का नाही काढत, ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नाही. बँड बाजूला केला, तर तो आवाज सुरात होता. थकलेला, पण सुरात. ओळ ते उशिरा संपवायचे, कारण आम्ही ती घाईत सोडून पुढे जायचो.

"चांगला होता," मी म्हणालो. ते समाधानाने पुढे वळले. तेवढ्यात ड्रमवाल्याने ठोका दिला आणि छतातली कबुतरं उठली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात न जाता कोथरूडला गेलो. जिना चढताना सोबत तीन-चार वाक्यं होती. मिक्सरमध्ये बिघाड होता, हे एक. कमिटीने सांगितलं होतं, हे दुसरं. तुम्ही एकदा मला हसला होतात, हेही त्यात होतं — खोटं कशाला बोलू. काकांनी दार उघडलं. पलंग गेला होता; त्या जागी पेटी होती, चादर घातलेली. त्यांना वाटलं, मी सहज आलोय. चहा टाकतो म्हणाले आणि आत वळले.

मी म्हणालो, चहा नको. बसा. माझं बोलून होईपर्यंत मधे बोलू नका.

ते बसले. आणि मी सांगितलं:

"फोन चांगला होता, काका. जुनाही चांगला होता. तुमचा आवाज मी बंद ठेवला होता, मुद्दाम, आणि त्यावर आम्ही हसायचो. काकूंनी मला इथे बसून विचारलं होतं, हे गातात का. मी त्यांना भासवलं, की तुम्ही नुसते ओठ हलवता. त्या तेच खरं मानून गेल्या. तुम्ही गात होतात. दर रविवारी गात होतात. तुमचं रेकॉर्डिंगही मी पुसून टाकलं, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नाही. मी तुमचा अपराधी आहे, आणि काकूंचा."